वाचून सही करावी

यज्ञेश्वर मोहोळकर आयुष्यात मोजून तीनदा खोटं बोलले. पहिल्या दोन वेळा लग्न जमवताना बोलले होते, तेव्हा त्या धरायच्या नाहीत. तेवढं सगळेच बोलतात. तिसरं खोटं मात्र ते गेल्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी पावणेदहा वाजता, फोनवर, पोटच्या मुलीशी बोलले. पुढचे बारा दिवस त्यांच्या जिवाला जो घोर लागला तो पाहता माणसानं खोटं बोलावं तर निदान दुपारी, जेवण झाल्यावर, डोकं ताळ्यावर असताना बोलावं, एवढा धडा घ्यायला हरकत नाही.

मुलगी म्हणजे श्रावणी. ती पुण्याला असते आणि चित्रं काढते. “म्हणजे नोकरी कुठे करते?” असं कुणी विचारलं की यज्ञेश्वरराव “डिझाइनमध्ये आहे” असं म्हणत आणि पुढचा प्रश्न यायच्या आत नळाच्या पाण्याचा विषय काढत. सोलापुरात हा विषय काढला की मागचा विषय कुणालाच आठवत नाही. तर या श्रावणीनं तीन वर्षं राबून एक पुस्तक केलं. ‘टपालग्रह’ त्याचं नाव. एकशे बेचाळीस पानं, सगळी काळ्यापांढऱ्या चित्रांची, आणि गोष्ट कुठल्याशा लांबच्या ग्रहावरच्या यंत्रांची. ती त्याला ग्राफिक नॉव्हेल म्हणते. कॉमिक म्हटलेलं तिला चालत नाही.

पुस्तक कुरिअरनं घरी आलं. यज्ञेश्वररावांनी त्यावर पोचल्याची तारीख घातली, खाकी कागदाचं कव्हर चढवलं, कव्हरावर सुवाच्य अक्षरात नाव आणि क्रमांक टाकला आणि ते कपाटात ठेवून दिलं. एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक विभागात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. आलेलं टपाल घ्यायचं, शिक्का मारायचा, शिक्क्यावर फुंकर घालून शाई वाळवायची, क्रमांक टाकायचा, पुढे पाठवायचं. आतला मजकूर वाचणं हे त्यांचं काम नव्हतं, आणि जे आपलं काम नाही ते त्यांनी कधी केलं नाही.

त्यांनी वाचायचा प्रयत्नच केला नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. तिसऱ्या पानापर्यंत ते गेले होते. पण तिथे सात चौकटी होत्या, काही आडव्या, काही उभ्या, एक तर तिरकी. कुठली आधी वाचायची याबद्दल पानावर काहीच सूचना नव्हती. त्यांनी उत्तर आधी वाचलं आणि प्रश्न मागून, आणि पुस्तक मिटलं. त्यांच्या मनात असंही होतं की चित्रं ही बघायची असतात, वाचायची नसतात, आणि बघायची ती कधीही बघता येतात.

“बाबा, वाचलंत?” श्रावणीनं फोनवर विचारलं.

“वाचलं की.”

“सगळं?”

“अगं, सगळं म्हणजे सगळं.”

“मग शेवटची पानं कशी वाटली?”

सेवानिवृत्तीच्या समारंभांत ऐकलेली बरीच वाक्यं यज्ञेश्वररावांच्या डोळ्यांपुढून गेली. “भाषा ओघवती आहे,” ते म्हणाले.

श्रावणी नुसतं “हं” म्हणाली. ते “हं” यज्ञेश्वररावांना कुठेतरी टोचलं, आणि ती टोचणी घालवायला ते भरीस पडले. “आमच्या सोसायटीत तर रांग लागलीय पुस्तकाला. चोवीसच्या चोवीस फ्लॅट वाचतायत.”

“काय सांगताय! खरंच?” तिचा आवाजच बदलला. “बाबा, ओळखीची चित्रकार मंडळी सोडली तर मला अजून एकसुद्धा खराखुरा वाचक भेटलेला नाही. मी येते. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी. मला त्यांना भेटायचंय.”

यज्ञेश्वररावांनी फोन ठेवला. त्यांची पत्नी गोदावरी स्वयंपाकघरात शेंगांची चटणी कुटत होती. कुटणं थांबवून ती म्हणाली, “अहो, सरळ बसा आणि वाचून काढा. एकशे बेचाळीस पानांचं काय ते.”

“वाचीन गं. आधी वाचकांची व्यवस्था लागू दे.”

“पोरगी तीन वर्षं पुण्याला या म्हणतेय, तेव्हाही व्यवस्थाच लागत होती तुमची.”

“पाणी कुठल्या दिवशी सुटेल ते सांगता येतं का? घर टाकून जायचं कसं?” असं म्हणून यज्ञेश्वरराव कागद शोधायला गेले.

जुळे सोलापुरातल्या त्या सोसायटीत चोवीस फ्लॅट. पुस्तक एक. दिवस बारा. दुसऱ्या एखाद्यानं चार ओळखीच्या लोकांना गाठून “अहो, हे वाचून बघा, आमच्या मुलीनं केलंय” असं सांगितलं असतं. पण एकतीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. यज्ञेश्वररावांनी परिपत्रक काढलं. ‘विषय: टपालग्रह या विज्ञानविषयक चित्रकादंबरीच्या वाचनाबाबत. सर्व सदनिकाधारकांना कळविण्यात येते की, सोबतचे पुस्तक वाचून सही करावी व शेजारील सदनिकेत तात्काळ पाठवावे.’ खाली रकाने आखले: अनुक्रमांक, नाव, सही, शेरा. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव घातलं, समोर ‘वाचले’ लिहून झोकदार सही केली, सहीवर फुंकर मारली आणि निघाले. पुस्तक कुणाचं, हे त्यात कुठेही नव्हतं. मुलीचं नाव घालून शिफारस करणं त्यांना नियमात बसत नाहीसं वाटलं.

पहिली माशी शिंकली ती सोसायटीचे सचिव अमृत बिराजदार यांच्या दारात. बिराजदारांनी परिपत्रक दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“मोहोळकर, असं काही फिरवायचं तर ठराव लागतो.”

“ठराव करून टाका मग.”

“ठरावाला सभा लागते. सभेला सात दिवस आधी नोटीस लागते. नोटीस बोर्डात लावावी लागते, आणि बोर्डाची किल्ली आधीच्या सचिवांकडं आहे.”

“ते कुठं आहेत?”

“कॅनडाला. मुलाकडं.”

शेवटी परिपत्रकाच्या डोक्यावर ‘खासगी’ असा शब्द घालायचा, म्हणजे सोसायटीवर काही येणार नाही, असा तोडगा निघाला. त्याला पाऊण तास लागला. तोडगा निघाल्याच्या आनंदात बिराजदारांनी पुस्तक न उघडताच सही केली आणि शेऱ्यात ‘समाजप्रबोधनपर’ असं लिहून दिलं.

तळमजल्यावर रामहरी राहत होते. गाव केम, शेती भावाकडे, आणि मुलाची नोकरी इथली म्हणून ते इथे. त्यांनी मात्र पुस्तक उघडलं, मधलंच पान काढून लांब धरून पाहिलं.

“सायेब, ह्यात मानसं कुटं हायेत? समदी डबीच दिसत्यात.”

“यंत्रं आहेत ती, रामहरी. दुसऱ्या ग्रहावरची.”

“मग तितं पानी हाय का?”

“नाही. पाणी नाही तिथे.”

“मंजी हितल्यासारकंच की!” रामहरी म्हणाले आणि समाधानानं सही करून मोकळे झाले.

दुसऱ्या मजल्यावर बसवेश. त्याचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग. जगातला कुठलाही प्रश्न टॉवेलनं सुटतो अशी त्याची श्रद्धा आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचे बरेच सुटलेही आहेत. “काय करायलाव काका? असं कुणी वाचतंय का? एक पुस्तक वाचा, एक नॅपकिन घेऊन जा, असं लावा. नॅपकिन मी देतो.” यज्ञेश्वररावांना हे लाच दिल्यासारखं वाटलं. त्यांनी नकार दिला, तेव्हा बसवेशनं सही केली आणि शेऱ्यात ‘छान’ लिहिलं.

दोन दिवसांत तेवीस सह्या झाल्या. यज्ञेश्वरराव खूश. कार्यालयात असताना कुठलंही परिपत्रक इतक्या वेगानं फिरलं नव्हतं. मग त्यांनी जिन्यात एकेकाला सहज विचारून पाहिलं. बिराजदार म्हणाले, विषय ज्वलंत आहे. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, आजच्या पिढीनं घेण्यासारखं आहे. आणखी एकांनी यमकं चांगली साधली आहेत असं सांगितलं. परिपत्रक आलं की न वाचता सही करायची आणि पुढे ढकलायचं, ही कला चोवीस घरांत आपणच नेऊन पोचवली, हे यज्ञेश्वररावांच्या तेव्हा ध्यानात आलं. रविवार नऊ दिवसांवर होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या चंद्रिकाबाई मदतीला धावल्या. त्यांच्याकडे शनिवारी दुपारी बायका जमतात. एकीनं पोथी वाचायची, बाकीच्यांनी वाती वळत ऐकायचं. “एकेकीला वाचायला वेळ कुठला? मी मोठ्यानं वाचते, एका बैठकीत पंधरा जणींचं होऊन जाईल,” असं त्या म्हणाल्या. युक्ती बिनतोड होती. फक्त या पुस्तकात वाक्यं कमी आणि आवाज फार, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. चंद्रिकाबाईंनी पदर खांद्यावरून घेतला, पुस्तक पाटावर ठेवलं, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि नेहमीच्या सुरात सुरू केलं, “टक् टक् टक्ऽऽ. खर्रऽऽ. सूंऽऽऽ. योग्य खिडकीवर याऽऽ. टक् टक् टक्ऽऽ. फूऽऽऽ.” दहा मिनिटांनी एकीनं विचारलं, “बाई, बिघडलंय का काही?” तीन बायकांचा डोळा लागला. पंधराव्या पानावर चंद्रिकाबाईंनी हात जोडून बैठक संपवली आणि पुस्तक गोदावरीच्या हाती परत दिलं. कव्हराच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट मात्र राहिलं.

आता चोविसावी सही राहिली होती ती समोरच्या दारच्या ईरम्मांची. वय पंचाहत्तरच्या पुढे, नवरा रेल्वेत होता, घरात सगळं कानडी. मराठी बोलतात, पण मराठी वाचता येत नाही. यज्ञेश्वररावांनी त्यांच्यापुढे पुस्तक ठेवलं, परिपत्रक ठेवलं, पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं.

“इथे सही करा ईरम्मा. कानडीत केली तरी चालेल.”

“अय्यो, वाचल्याबिगर सही कसं करायचं अण्णा? आमच्या मालकानं एकदा न वाचता सही केलं रेल्वेत. बदलीचा अर्ज होतं ते. सहा वर्षं होटगीला काढलो.”

“पण तुम्हाला मराठी अक्षर—”

“अक्षर येत न्हाई. डोळे हाय की. ऱ्हाऊ दे हितं पुस्तक.”

पुस्तक राहिलं. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. यज्ञेश्वरराव जाता-येता समोरच्या दारात डोकावत, तर ईरम्मा खिडकीशी बसलेल्या, मांडीवर पुस्तक, एकेका पानावर अर्धा अर्धा तास. ज्यांना वाचता येतं त्या तेवीस जणांनी सह्या केल्या, आणि ज्यांना अक्षर लागत नाही त्या बाईनं पुस्तक अडवून धरलं, याचा त्यांना भारी संताप आला. तो त्यांनी गोदावरीवर काढला. ती काही बोलली नाही, कारण त्याच दुपारी ईरम्मांनी तिला आत बोलावून घेतलं होतं.

आता तिथे काय झालं ते यज्ञेश्वररावांना मागाहून कळलं, पण आपण आत्ताच ऐकून घेऊ. ईरम्मांनी पुस्तकातल्या मुख्य यंत्रावर बोट ठेवलं. नाव त्याचं नोंदक. त्याच्या डोळ्यांवर चष्मा, चष्म्याला दोरी. छातीच्या खाचेत दोन पेनं, एक लाल, एक निळं. खुर्चीवर बसण्याआधी तो ती रुमालानं दोनदा झटकतो. आलेल्या प्रत्येक पाकिटावर शिक्का मारतो आणि शिक्क्यावर फुंकर घालतो.

“गोदाक्का, हे कोण हाय सांग.”

गोदावरीनं पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून ती जी हसायला लागली ती तिला ठसकाच लागला. मग तिनं पुढची पानं पाहिली. नोंदकानं उरल्यासुरल्या भागांतून एक लहानसं यंत्र केलं होतं. ते मोठं झालं आणि टपालाच्या रॉकेटमधून निघून गेलं. तिकडून त्याची पाकिटं येत राहिली, आणि नोंदक त्यांच्यावर शिक्का मारून, क्रमांक घालून, खणात ठेवत राहिला. एकही पाकीट त्यानं फोडलं नाही. इथे गोदावरीचं हसणं थांबलं.

“शेवटी अक्षर एक बी न्हाई बघ. बारा पान नुसतं चित्र,” ईरम्मा म्हणाल्या. “ते मला सगळ्यात चांगलं समजलं. अण्णाला सांगू का?”

“नका सांगू,” गोदावरी डोळे पुसत म्हणाली. “त्यांचं त्यांना वाचू दे.”

बायकांनी ठरवलं म्हणजे नवऱ्याला कळणार नाही. पण बाकी कुणाला कळायचं राहत नाही. दुसऱ्या दिवशी चंद्रिकाबाई ईरम्मांकडे आल्या, त्यांच्या मागून आणखी चौघी, संध्याकाळपर्यंत रामहरी, मग बसवेश. पुस्तकात मोहोळकर आहेत म्हटल्यावर कुणाला राहवेना. आधी चष्मा आणि पेनं बघायला आले, आणि मग पुढचं काय झालं म्हणून पान उलटत बसले. चौकटी कशा वाचायच्या हे ईरम्मा शिकवत. “वरनं खाली, ह्या बाजूनं त्या बाजूला. घाई करायचं न्हाई. एक डबी बघून झालं की मग दुसरं डबी.” शेवटी बिराजदारांनी नंबर लावले, ठराव न करता.

समोरच्या दारात खरोखरीची रांग पाहून यज्ञेश्वररावांचा ऊर भरून आला. परिपत्रकाचा परिणाम उशिरा होतो पण होतो, असं ते गोदावरीला म्हणाले. जिन्यात लोक आता त्यांच्याकडे पाहून हसत, वाट सोडून उभे राहत. रामहरी तर एकदा मान वाकवून म्हणाले, “सायेब, योग्य खिडकीवर आलो न्हवं?” हे लोक आदर दाखवतायत अशी यज्ञेश्वररावांनी समजूत करून घेतली. स्वतः पुस्तक वाचायचं त्यांच्या मनात होतं, पण आता नंबर लागत नव्हता. बिराजदारांनी त्यांचा नंबर सतरावा टाकला होता, कारण यादीप्रमाणे त्यांनी आधीच वाचलेलं होतं.

रविवारी दुपारी श्रावणी आली. पाचला गच्चीखालच्या हॉलमध्ये कार्यक्रम. सतरंजी, वीसपंचवीस माणसं, टेबलावर खाकी कव्हरातलं पुस्तक आणि शेजारी परिपत्रक. श्रावणीनं आईकडे पाहिलं, आई छताकडे पाहत होती. प्रास्ताविक अर्थातच यज्ञेश्वररावांचं. ते उभे राहिले, खिशातली दोन पेनं नीट केली, आणि मागच्या बाजूला कुणीतरी खुसखुसलं.

“या पुस्तकाचा नायक,” त्यांनी सुरुवात केली, “हा अत्यंत धाडसी असा…”

हॉल फुटला. चंद्रिकाबाईंनी शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकलं. यज्ञेश्वररावांनी चष्मा सारखा केला आणि आवाज चढवला. “शांतता! हा नायक सर्व संकटांवर मात करून…” लोक आणखी हसले. घाम पुसायला त्यांनी रुमाल काढला आणि बसण्यासाठी खुर्ची दोनदा झटकली. मग मात्र रामहरींना उठून बाहेर जावं लागलं.

आपली अब्रू नेमकी कुठल्या कारणानं जातेय हेच कळत नसेल तर माणूस तोंड तरी कुठल्या दिशेला लपवणार? एवढ्यात बसवेश पुढे आला. सोलापुरात सत्काराला शाल आणणं म्हणजे माहेरी विकतची भाकरी नेणं. इथे आपल्या मागावरचं काहीतरी देतात. बसवेशनं दोन दिवस माग अडकवून खास नमुना विणून घेतला होता. त्यानं तो जाडजूड टॉवेल झटकून उघडला आणि यज्ञेश्वररावांच्या खांद्यावर घातला. टाळ्या पडल्या. यज्ञेश्वररावांनी खाली पाहिलं. टॉवेलवर, पोटाच्या बरोबर मध्यभागी, एक यंत्र विणलेलं होतं. डोळ्यांवर चष्मा, चष्म्याला दोरी, छातीत दोन पेनं, एक लाल, एक निळं. त्यांचा हात आपसूक स्वतःच्या चष्म्याच्या दोरीकडे गेला.

“हा कोण?” त्यांनी विचारलं.

आता कुणी हसलं नाही. तेवीस सह्यांतली पहिली सही ज्याची होती त्यालाच पुस्तकाचा नायक ठाऊक नव्हता, हे एकाच वेळी सगळ्यांच्या लक्षात आलं. श्रावणी उठून उभी राहिली. “बाबा,” ती हळू म्हणाली, “भाषा ओघवती आहे म्हणालात ना, ती शेवटची बारा पानं… त्यांत एकही शब्द नाहीये.”

यज्ञेश्वररावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते काय बोलले असते कोण जाणे. पण खालून रामहरींची आरोळी आली, “पानी आलं! पानी आलंऽऽ!” आणि चार दिवसांनी आलेल्या पाण्यापुढे साहित्य कुठे टिकतं? एका मिनिटात सतरंजी रिकामी झाली. बिराजदार चपला उलट्यासुलट्या घालून पळाले. गोदावरीसुद्धा “आलेच हां” म्हणत गेली. राहिले तिघं: यज्ञेश्वरराव, श्रावणी, आणि ईरम्मा, कारण त्यांच्या घरी पाणी सून भरते.

यज्ञेश्वरराव टॉवेल पांघरून उभे होते. मग त्यांनी परिपत्रक पुढे ओढलं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातच्या एकाही कागदावर खाडाखोड नव्हती. साहेब लोक नव्या कारकुनांना त्यांची रजिस्टरं दाखवत. त्यांनी लाल पेन काढलं, पट्टी नसल्यानं पुस्तकाची कड लावली, आणि पहिल्या ओळीतल्या आपल्या ‘वाचले’वर आणि सहीवर सरळ रेघ मारली. बाजूला नियमाप्रमाणे लघुस्वाक्षरी केली.

“मी वाचलेलं नाही,” ते म्हणाले. “तिसऱ्या पानावर अडलो होतो. कुठली चौकट आधी ते कळेना. आणि तुला विचारायची लाज वाटली.”

श्रावणीचे डोळे भरून आले होते, आणि यज्ञेश्वररावांना ते बघवेना.

“वरनं खाली,” ईरम्मा म्हणाल्या. “ह्या बाजूनं त्या बाजूला. बसा की अण्णा.”

ते बसले, खुर्ची न झटकता. श्रावणीनं खाकी कव्हर काढून टाकलं. खाली नळाखाली घागरी, बादल्या, बॅरल वाजत होते, कुणीतरी मोटर लावू नका म्हणून ओरडत होतं, आणि यज्ञेश्वरराव एकेका चौकटीवर बोट ठेवत चालले होते. शिक्क्यावर नोंदकानं फुंकर घातली तेव्हा त्यांना हसू आलं. लहानसं यंत्र रॉकेटमध्ये चढलं तेव्हा त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं. पाकिटं खणांत साचू लागली तसं त्यांचं बोट सावकाश चालू लागलं.

शेवटची बारा पानं आली. त्यांत टपाल यायचं थांबलेलं असतं. नोंदकाला काम उरत नाही. तो खणातलं पहिलं पाकीट काढतो आणि एकदाचं फोडतो. आत पत्र नसतंच, चित्र असतं. ते लहान यंत्र एका ग्रहावर बसलंय आणि शेजारी एक रिकामी खुर्ची आहे. दुसऱ्या पाकिटात दुसरा ग्रह, शेजारी तीच खुर्ची. दहाव्यात, शंभराव्यात, खुर्ची रिकामीच. नोंदक उठतो. खिडकीची फळी लावून घेतो. मग शिक्का उचलून स्वतःच्या कपाळावर ‘जावक’ असं उमटवतो, फुंकर घालायचीही विसरतो, आणि रॉकेटमध्ये जाऊन बसतो.

टॉवेलच्या टोकानं यज्ञेश्वररावांनी डोळे पुसले. बसवेशचा माल पाणी चांगलं टिपतो. मग ते म्हणाले, “भाषा… ओघवती आहे गं.”

श्रावणी रडतारडता खो खो हसली. आणि ईरम्मांनी परिपत्रक आपल्याकडे ओढून, चोविसाव्या ओळीत, कानडीत, सावकाश सही केली. “आता झालं वाचून,” त्या म्हणाल्या.

यज्ञेश्वररावांनी तिच्याखाली हातानं एक नवी ओळ आखली. अनुक्रमांक पंचवीस. नाव घातलं, ‘वाचले’ लिहिलं, सही केली. शेऱ्याचा रकाना राहिला होता. त्यात बहुतेकांनी ‘छान’ लिहिलं होतं. त्यांनी लिहिलं: ‘पुण्यास जाणे आहे.’

“पण पाणी?” श्रावणीनं विचारलं.

“रामहरी भरतील,” ते म्हणाले आणि शाई वाळायची वाट न बघता त्यांनी कागद तिच्या हातात दिला.